कॅम्परसाठी घरची गाडी बदलताय? आधी या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी डेन्व्हरजवळच्या एका डीलरकडे आम्ही कॅम्पर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, बघायला गेलो होतो. विक्रेत्यानं आमच्या टोयोटा हायलँडर एसयूव्हीकडे एक नजर टाकली. "पाच हजार पौंड ओढते ना? मग हा आरामात जाईल." कॅम्परच्या पाटीवर वजन होतं ३,६०० पौंड. हिशेब सोपा वाटला आणि तिथेच आम्ही फसणार होतो.

ते ३,६०० म्हणजे रिकाम्या कॅम्परचं वजन. एक गॅलन पाणी ८.३ पौंड भरतं, म्हणजे ३० गॅलनची टाकी भरली की अडीचशे पौंड वाढले. वर गॅस, अंथरुणं आणि (आपल्याकडे हे आलंच) कुकर, पोळपाट, तांदळाची पिशवी. पाटी सोडा, कॅम्परच्या अंगावरच्या स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर वाचा. भरल्यावरचं कमाल वजन ते. आमचं ४,८०० निघालं.

पण खरी गोम ओढण्यात नाही, पेलण्यात आहे. कॅम्परच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (गाडीमागच्या जोडणीवर), म्हणजे गाडीच्या पाठीवर येतो. त्याला टंग वेट म्हणतात. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर दिसतो: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको. टंग वेटही त्यातूनच वजा होतं. आमच्या दारावर १,३०० होते. त्या उन्हाळ्यात पुण्याहून सासू-सासरे येणार होते. पाच माणसांचे ६७०, सामान २००, हिचचं लोखंड ७० आणि भरलेला कॅम्पर ४,३०० धरला तर १२ टक्क्यांनी ५१६. बेरीज १,४५६. घराबाहेर पडायच्या आधीच दीडशे पौंड जास्त! ओढण्याचा आकडा ज्या जे२८०७ चाचणीतून येतो, तिच्यात ड्रायव्हर आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचे, एवढीच माणसं धरलेली असतात. सासू-सासऱ्यांना तिथे जागा नाही.

"आमच्या मित्राची तीच गाडी ओढते की!" यावरही जाऊ नका. पेट्रोल हायलँडर ५,०००, तर हायब्रिड ३,५००. होंडा पायलटचं ऑल-व्हील ड्राइव्ह ५,००० आणि टू-व्हील ३,५००. नाव एकच, गाड्या वेगळ्या. बाहेरून जाडजूड हिच बसवून घेतल्यानं हा आकडा वाढत नाही.

मग ट्रक घ्यायचा? इथे दुसऱ्या टोकाची चूक होते. सनरूफ, लेदर, मोठी चाकं असलेला महागडा पिकअप स्वतःच जड असतो, त्यामुळे त्याचं पेलोड, म्हणजे दारावरचा तो पेलण्याचा आकडा, त्याच मॉडेलच्या साध्या ट्रकपेक्षा कमी भरतं. प्रत्येक ट्रकचं दार उघडून स्टिकरचा फोटो काढा. जाताना टेपही न्या: चार दारांचे मोठे पिकअप १९ फुटांच्या पुढे जातात आणि बऱ्याच घरांचं गराज २० फूटच खोल असतं. वर्षातून चार वीकेंडसाठी रोज ऑफिसला तो रणगाडा न्यायचा, हे मला तरी पटत नाही.

डोंगर मात्र वेगळा. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोतल्या आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, म्हणजे तिथे जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. दर महिन्याला तो घाट चढणार असाल, तर बिनधास्त गाडी बदला.

कधीकधी दोष गाडीचा नसतोच. कॅम्पर शेपटीसारखा हलतोय? बहुतेक वेळा मागे वजन जास्त आणि टंगवर कमी असतं, जड सामान चाकांच्या पुढे सरकवा. गाडी मागून बसली आणि हेडलाइट आभाळाकडे बघू लागले, तर उलट: टंगवर भार जास्त. चार पिनांच्या प्लगनं नुसते दिवे लागतात, कॅम्परच्या इलेक्ट्रिक ब्रेकला सात पिना आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर हवा. कॅम्पर झोकांड्या खायला लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि कंट्रोलरवरून फक्त कॅम्परचे ब्रेक हातानं लावा. आणि निर्णयाआधी ट्रक स्टॉपवर एकदा काटा करून घ्या, थोडक्या डॉलरांत खरा आकडा हातात येतो.

आम्ही शेवटी गाडी तीच ठेवली आणि कॅम्पर बदलला. कापडी भिंतींचा पॉप-अप, भरून २,८०० पौंड. बेरीज आली १,२७६. सासूबाईंनी छोटा खलबत्ता घेऊ का विचारलं, तेव्हा सासऱ्यांनी आधी त्याचं वजन विचारलं.