गोलकीपर खरंच वाईट खेळला का? मॅच बघताना वहीत मांडायची पद्धत

कोकणात आइस हॉकी बघणारे आम्ही मोजकेच, पण मॅच संपली की सगळ्यांचं एकच, आज गोलकीपरने घालवली. थंडीत एनएचएलची (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकी लीग) मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागते, तिकडे न्यूयॉर्कला तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात असतात. मालवणच्या घरी मी बघत असतो, मामा चहा घेऊन बाजूला येऊन बसतात आणि दोन गोल गेले की म्हणतात, "हो नुसतो खाली बसता, गोल जातलोच." मामा, तो दमून खाली बसत नाही हो, ती बटरफ्लाय आहे, गुडघे बर्फावर टेकून पॅड दोन्ही बाजूंना पसरले की जाळीचा खालचा भाग बंद होतो, ग्लेन हॉल नावाच्या जुन्या गोलकीपरने ही पद्धत रुजवली आणि नंतरच्या पॅट्रिक रॉय या गोलकीपरने ती घरोघरी नेली.

तर एक साधी वही आणि पेन्सिल घ्या. पानावर गोलची चौकट काढा (खरा गोल ६ फूट रुंद, ४ फूट उंच), समोर डावी-उजवीकडे फेसऑफचे (खेळ पुन्हा सुरू करतात तिथले) दोन ठिपके काढा आणि गोलच्या मधोमधून सरळ पुढे जाणारी एक रेघ मारा. गोलवर आलेल्या प्रत्येक शॉटला जिथून मारला तिथे टिंब, गोल झाला तर फुली. पक (खेळातली रबरी चकती) पोस्टला लागून बाहेर गेला तर तो शॉट धरत नाहीत, आणि जादा खेळाडू उतरवायला कीपर बाहेर काढलेला असताना रिकाम्या जाळीत गेलेला गोल त्याच्या खात्यात मांडायचा नाही.

आता ती मधली रेघ. शॉटच्या जरा आधी पास ही रेघ ओलांडून आला असेल तर टिंबाभोवती वर्तुळ काढा. स्टीव्ह व्हॅलिकेट नावाच्या माजी गोलकीपरने या रेघेला रॉयल रोड म्हटलं, आणि माझ्या मते सगळ्या वहीत हीच खूण सगळ्यात मोलाची, कारण पास रेघेपलीकडे गेला की कीपरला मान वळवायची, अंग वळवायचं, ढकलून सरकायचं, परत स्थिर व्हायचं एवढं सगळं करावं लागतं आणि पक त्याच्याआधी पोचलेला असतो. तसा गोल गेला तर आधी बचाववाल्यांकडे बघा, तो पास मधून गेलाच कसा.

मग सेव्ह पर्सेंटेज. ३० शॉट, २७ अडवले, म्हणजे ०.९००. पण नुसता हा आकडा बघणं म्हणजे देवगडात किती पेट्या गेल्या त्यावरून बागायतदार जोखण्यासारखं आहे, मोहोरावर थ्रिप्सची कीड होती का, अवकाळी पाऊस झाला का हे विचारायचंच नाही. ३० पैकी २० टिंबं गोलपासून लांब, निळ्या रेषेजवळची असतील तर ०.९०० वाईटच, आणि १५ गोलच्या तोंडावरची असतील तर त्याच कीपरने टीमला सावरलंय.

फुली पडली की रिप्ले नीट बघा, जमलं तर शॉट काठीवरून सुटला त्या क्षणाला थांबवा. तो स्थिर उभा होता की अजून सरकत होता? निळ्या क्रीजमध्ये (गोलसमोरच्या रंगवलेल्या जागेत) पुढे येऊन अँगल कापला होता, म्हणजे मारणाऱ्याला दिसणारी जाळी कमी केली होती की जाळीला चिकटून मागे राहिला? त्याला पक दिसत होता का? समोर कोणी उभा असेल तर क्रिकेटमध्ये बॅट्समन आडवा आल्यावर विकेटकीपरला बॉल उशिरा दिसतो तसंच होतं. अडवलेल्या शॉटचंही बघा, पक पॅडवरून कोपऱ्यात गेला की परत समोरच्याच्या काठीवर, कारण दुसऱ्या शॉटवर गेलेला गोल कधीकधी पहिल्या सेव्हचीच चूक असते. लांबून, समोर कोणी नसताना, स्थिर उभा असूनही गेला तर ती चूक त्याचीच, तिथे मी त्याला पाठीशी घालत नाही.

एका मॅचवरून निकाल मात्र लावू नका. १० मॅच म्हणजे साधारण ३०० शॉट, त्यात ५ गोल इकडचे तिकडे झाले तरी आकडा ०.०१७ ने हलतो, आणि चांगल्या नि साधारण कीपरमध्ये फरकच तेवढा असतो. विनिपेगचा गोलकीपर कॉनर हेलेबक याने २०२४-२५ च्या सीझनमध्ये ०.९२५ ठेवलं, व्हेझिना (सर्वोत्तम गोलकीपर) आणि हार्ट (सर्वात मोलाचा खेळाडू) दोन्ही ट्रॉफ्या घेतल्या, आणि त्याच वर्षी प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत सेंट लुईसमधल्या तिन्ही मॅचमध्ये त्याला मधूनच काढून दुसरा कीपर उतरवला. लगेच दम संपला म्हणायचं नाही, प्रत्येक गोल वरच्या प्रश्नांतून काढायचा, मगच बोलायचं.

पॉवर प्लेच्या टिंबांना वेगळा रंग द्या, तिथे शिक्षेमुळे कीपरच्या टीमचा एक माणूस कमी असतो त्यामुळे ती इतर शॉटमध्ये मिसळली की कीपर उगाच वाईट दिसतो.

आणि लाइट गेली तर अंदाजाने टिंबं भरू नका, त्या पिरियडपुढे (मॅचच्या त्या भागापुढे) 'लाइट नव्हती' एवढं लिहा. फायनल जूनमध्ये असते तोवर आपल्याकडे पाऊस लागलेला असतो, माझ्या वहीत तिथली पानं दरवर्षी अर्धी कोरीच आहेत.