मुलाची गणिताची रीत कशी ओळखावी आणि दुसरी कशी शिकवावी

पाऊण एकर रान आहे. त्याच्या दोन पंचमांश भागात तूर पेरली. तूर किती गुंठे?

परभणीकडच्या माझ्या वर्गात हे उदाहरण दिलं की वह्यांत तीन तऱ्हा दिसतात. एक पोर ३/४ × २/५ मांडून ६/२०, म्हणजे ३/१० काढतं, मग एकराचे ४० गुंठे म्हणून त्याला ४० ने गुणतं. दुसरं एकराचा चौकोन आखतं. उभे चार भाग, आडवे पाच, वीस घरं, म्हणजे एका घरात २ गुंठे. तीन उभ्या पट्ट्यांतल्या दोन आडव्या ओळी मोजल्या की सहा घरं. तिसरं पेन्सिलीला हातच लावत नाही. "पाऊण एकर म्हणजे तीस गुंठे, पाचवा वाटा सहा, दोन वाटे बारा!" उत्तर तिघांचंही १२ गुंठे.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ क्रुतेत्स्की यांनीही गणितात तरबेज मुलांमध्ये असे प्रकार नोंदवले होते. काही चिन्हांतून विचार करणारी, काही आकृतीतून, काही दोन्हींचा मेळ घालणारी.

तुमच्या मुलाची रीत पाहायची तर आधी फळ्यावर काही सोडवू नका, नाहीतर मुलं तुमचीच रीत उतरवतात. वेगवेगळ्या धड्यांतली चार-पाच उदाहरणं द्या. एकावरून काहीच ठरत नाही.

मग उत्तर बरोबर असलं तरी विचारा, "कसं काढलंस, सांग बरं?" बोलताना त्याचे हात बघा. हवेत रेघा ओढणारं मूल कोऱ्या कागदावरही चित्र बघत असतं.

तिसरी पायरी, म्हणजे चित्रात नेमकं काय आहे ते बघणं, मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चित्र काढलं म्हणजे गणित दिसलं असं नाही. एका मुलीनं बांध काढला, बोरीचं झाड काढलं, शिंगांसकट बैलजोडी काढली. रानाचे वाटे मात्र कुठंच नाहीत. हेगार्टी आणि कोझेव्हनिकोव्ह या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ च्या अभ्यासात हेच दिसलं होतं. राशींचं नातं दाखवणारा आराखडा काढणारी मुलं उदाहरणं जास्त सोडवतात, वस्तूंची हुबेहूब चित्रं रंगवणारी मागे पडतात. मी तिला चूक म्हटलं नाही. "याचे चार वाटे कुठून पाडशील?" एवढंच विचारलं. तिनं सरळ बैलांच्या मधून रेघ ओढली. तिथून तिचं गणित सुरू झालं.

आता वह्यांची अदलाबदल करा. चौकोनवाल्याची वही मांडणीवाल्याला द्या आणि विचारा, "तुझ्या छेदातले वीस इथं कुठं आहेत?" घरं मोजताना त्याला छेदाछेदांचा गुणाकार का करतात ते दिसतं. तोंडी करणाऱ्याला पाऊण ऐवजी तीन सप्तमांश एकर द्या. गुंठे तुटतात, आणि त्याला कागदाची गरज पटते.

"हा चित्रवाला, ती आकडेवाली" असा शिक्का मात्र मारू नका. मुलाच्या शिकण्याच्या शैलीनुसार शिकवलं की जास्त समजतं, या दाव्याला पुरेसा पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं. मुलाची रीत सुरुवातीला धरा, पण त्याला तिच्यातच अडकवून ठेवू नका.

महिन्याभरानं आकडे बदलून तेच उदाहरण द्या आणि दोन रीतींनी करायला सांगा. दुसऱ्या रीतीत जिथं पेन्सिल थांबेल, तिथून पुढचा तास घ्या.