युद्धानंतरची पहिली निवडणूक: आयोग कसा उभारावा

युद्ध थांबलं की पहिली घाई होते ती मतदानाची तारीख जाहीर करण्याची. ती शेवटी ठरवा. अंगोलात 29-30 सप्टेंबर 1992 ला मतदान झालं तेव्हा दोन्ही सैन्यं शाबूत होती. बंडखोर युनिटाचे नेते साविंबी यांनी निकाल नाकारला आणि महिनाभरात युद्ध पुन्हा पेटलं. त्या मतदानानंतर चारच दिवसांनी रोममध्ये मोझांबिकचा शांतता करार झाला. करारात निवडणुकीला एक वर्षाची मुदत होती. सैनिकांकडून शस्त्रं उतरवून घेईपर्यंत ती ऑक्टोबर 1994 पर्यंत लांबवली गेली, आणि ती लांबवली हेच शहाणपण. पुढची पद्धत मुख्यतः मोझांबिकवरून घेतली आहे.

प्रत्येक निर्णयाला एकच कसोटी लावा: उद्या हरणाऱ्या पक्षाला हे पटेल का?

आधी आयोग. मोझांबिकमध्ये 21 सदस्य होते: सरकारचे 10, सरकारशी लढलेल्या रेनामो या बंडखोर संघटनेचे 7, इतर पक्षांचे 3 आणि अध्यक्ष ब्राझाव माझुला, कोणत्याच बाजूचे नसलेले. सगळे निःपक्ष सदस्य शोधत बसू नका. यादवीतून बाहेर पडलेल्या देशात असे 21 जण दोन्ही बाजूंना मान्य होणं अवघड. विरोधक आत बसवा, अध्यक्ष मात्र तटस्थ शोधा. निर्णय घेणारा आयोग आणि यादी, छपाई, वाहतूक बघणारं तांत्रिक सचिवालय वेगळं ठेवा, पण सचिवालयातही दोन्ही बाजूंची माणसं हवीत. नाहीतर भांडण आयोगातून उठून गोदामात जातं. जंगलातून आलेल्या संघटनेला कार्यालय, गाड्या आणि प्रशिक्षणासाठी पैसा लागतो. रेनामोसाठी संयुक्त राष्ट्रांनी स्वतंत्र निधी काढला होता. काहींना ही लाच वाटते. युद्धाच्या मानाने स्वस्त आहे.

आता तारीख. मतदानाच्या दिवसापासून मागे मोजत या. पावसाळा टाळा: मोझांबिकमध्ये तो साधारण नोव्हेंबरात सुरू होतो, आणि सुरुंग पेरलेले कच्चे रस्ते त्यात बंदच पडतात. नोंदणीला निदान तीन महिने द्या. कागदपत्रं जळालेल्या, छावण्यांतून परतलेल्या माणसाकडे जन्मदाखला मागू नका; गावातल्या ओळखीच्या माणसांची साक्ष कायद्यातच मान्य करून घ्या. नोंदणी पथकात प्रत्येक पक्षाचा प्रतिनिधी बसवा, म्हणजे यादीवरची हरकत तिथेच निघते.

मतपत्रिका उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावरच छापा. शंभराच्या पुस्तिका, अनुक्रमांक फक्त स्थळप्रतीवर, केंद्रागणिक 5 टक्के जादा. उमेदवाराचा फोटो आणि पक्षाचं चिन्ह दोन्ही हवं. अक्षर न येणाऱ्यासाठी अंगठ्याचा ठसाही वैध धरा. राष्ट्राध्यक्ष आणि संसद अशा दोन मतपत्रिका असतील तर जागांचा क्रम नीट तपासा. 1994 मध्ये मोझांबिकचे सत्ताधारी राष्ट्राध्यक्ष शिसानो राष्ट्राध्यक्षपदाच्या मतपत्रिकेवर तळाशी होते. संसदेच्या मतपत्रिकेवर त्याच जागी युनियाव डेमोक्रातिका ही छोटी आघाडी होती. तिला संसदेत जागा मिळण्यासाठीच्या पाच टक्क्यांच्या अटीहून जेमतेम जास्त मतं पडली आणि 9 जागा मिळाल्या. ‘सगळ्यात खालच्यावर ठसा मारा’ असा प्रचार झाला की असंच होणार. दोन मतपत्रिकांचे रंगही वेगळे ठेवा.

केंद्राचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला एक माणूस बाहेर पडला तर दहा तासांत 600. हजार मतदार असतील तर एक दिवस पुरत नाही, म्हणून दोन दिवस धरा आणि हजारावर जाऊ नका. दोन दिवस म्हणजे मधली रात्र: पेटीची फट सील करा, सीलचा क्रमांक सगळ्यांसमोर लिहा, पक्षांच्या प्रतिनिधींना पेटीपाशीच झोपू द्या. प्रत्येक पेटीला चार सीलं आणि फटीसाठी एक, शिवाय सुटी पाच. शाई सिल्व्हर नायट्रेटची असते, ती उजेडात काळी होते. बाटली हलवा, नखाच्या मुळाशी लावा, वाळेपर्यंत हात पुसू देऊ नका. बोट तेलकट असेल तर आधी पुसा. अफगाणिस्तानात 2004 साली काही केंद्रांवर या शाईऐवजी साधे मार्कर वापरले गेले, आणि दुपारपर्यंत उमेदवार बहिष्काराची भाषा करू लागले.

तिसऱ्या दिवसाचं सामानही भरून ठेवा: शाई, दिव्यांच्या बॅटऱ्या, कर्मचाऱ्यांचा भत्ता, जेवण. मोझांबिकमध्ये 1994 ला मतदानाच्या आदल्या रात्री रेनामोचे नेते ध्लाकामा यांनी बहिष्कार जाहीर केला, मग राजनैतिक दबावाखाली मागे घेतला. आयोगाने 29 ऑक्टोबरचा दिवस वाढवून दिला. वाढीचा अधिकार कायद्यात आधीच लिहून ठेवा.

मोजणी केंद्रावरच, त्याच रात्री, दिव्याखाली. निकालपत्रकाची एक प्रत दाराला चिकटवा, एकेक प्रत प्रत्येक प्रतिनिधीच्या हातात द्या. बेरीज चुकलेली पत्रकं परत कोण तपासणार आणि किती दिवसांत, हे मतदानाआधी ठरवा. मोझांबिकच्या 1999 च्या निवडणुकीत अशी शेकडो पत्रकं एकूण बेरजेतून वगळली गेली, शिसानो आणि ध्लाकामा यांच्यातला फरक लहान होता, आणि रेनामोने निकाल मान्य केला नाही.

आणि यादी दरवर्षी अद्ययावत करण्यासाठी माणसं आणि पैसे ठेवा. मोझांबिकला 1999 साठी सगळी नोंदणी नव्याने करावी लागली.