लेह ते पोर्ट ब्लेअर: विमानाचे अंतर व वेळ काढताना या चुका टाळा

नाशिकमध्ये ओळखीच्या लोकांना सहलींची आखणी करून देताना एक चूक मला सतत दिसते. दोन दूरच्या विमानतळांमधील हवाई अंतर घ्यायचे, त्याला ताशी ८५० किलोमीटरने भागायचे आणि जे उत्तर येईल तोच प्रवासाचा वेळ मानायचा. लेह ते पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, हे अंतर सुमारे २,९४० किलोमीटर आहे आणि भागाकार साडेतीन तासांच्या आत येतो. प्रत्यक्षात दिल्लीला आणि बहुधा कोलकाता किंवा चेन्नईलाही विमान बदलावे लागते. कोलकात्यामार्गे तेच अंतर ३,२०० किलोमीटरच्या पुढे जाते.

एका टप्प्याचाही भागाकार फसतो. दिल्ली ते लेह सुमारे ६२० किलोमीटर, म्हणजे हिशेबाने पाऊण तास. तिकिटावर मात्र सव्वा तास किंवा त्याहून अधिक असतो, कारण विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. मी ८००ने भागून अर्धा तास मिळवतो आणि मगच वेळापत्रक उघडतो.

कॉलेज रोडवरील एका कुटुंबाने लेह–दिल्ली आणि दिल्लीहून पुढची तिकिटे स्वतंत्रपणे काढली, कारण ती स्वस्त पडत होती, आणि मधे दोन तास ठेवले. त्यांनी मला फक्त वेळांची बेरीज तपासायला सांगितली. ती बरोबर होती, म्हणून मी होकार दिला, याची खंत मला आजही आहे. लेहचा विमानतळ ३,२०० मीटरहून उंचावर डोंगरांनी वेढलेला आहे आणि दुपारी तेथे वारा जोर धरतो, म्हणून उड्डाणे मुख्यतः सकाळीच होतात. त्या दिवशी ढगांमुळे सकाळचे विमान रद्द झाले, दुपारी दुसरे मिळण्याचा प्रश्नच नव्हता, आणि स्वतंत्र तिकीट असल्यामुळे पुढच्या विमानाचे पैसे बुडाले. तेव्हापासून लेहहून निघणाऱ्याला मी दिल्लीत एक मुक्काम करायलाच लावतो; घाई असणाऱ्यांना तो वाया गेलेला दिवस वाटतो, तरी मी ऐकत नाही.

विमानाचे अंतर अनेकदा सागरी मैलांत दिलेले असते; सागरी मैल आणि साधा मैल यांची गल्लत करू नये. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा आणि साधा १.६०९ किलोमीटरचा असतो. सागरी मैलांना साधे मैल समजून किलोमीटर काढले, तर लेह ते पोर्ट ब्लेअर अंतरात जवळपास ३९० किलोमीटरची तूट येते.

अंतर अक्षांश-रेखांशांवरून काढत असाल, तर एका अंशात ६० मिनिटे असतात हे विसरू नये: अक्षांश ३४ अंश ८ मिनिटे असेल, तर ते ३४.०८ नव्हे, ३४.१३ अंश होतात.

तिकिटावर विमानतळाचा तीन अक्षरी कोड असतो; लेहचा आयएक्सएल आणि पोर्ट ब्लेअरचा आयएक्सझेड आहे. फरक फक्त शेवटच्या अक्षराचा आहे, म्हणून ते मोठ्याने वाचावे.

नाशिककरांनी घरापासूनचा वेळही याच हिशेबात धरावा. ओझरहून सोयीचे विमान असेल तर उत्तम, परंतु मुंबईहून निघायचे असल्यास कसारा घाटातील खोळंब्यासाठी मी दोन तास जास्त ठेवतो.