जॉइंट मोजल्याशिवाय बोर्ड मागवू नका

जिप्सम बोर्डाचं पहिलं पार्टिशन माझ्या जबाबदारीवर उभं राहिलं तेव्हा सिव्हिलचा डिप्लोमा होऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. पुण्यातला फ्लॅट, हॉलची रुंदी 12 फूट, उंची 9 फूट, मध्ये 3 बाय 7 चं एक दार. माझा हिशेब असा होता: एका बाजूचे 108 चौरस फूट, दोन्ही बाजूंचे 216, त्यातून दाराचे 42 वजा, उरले 174. 6 बाय 4 चा बोर्ड म्हणजे 24 चौरस फूट. भागाकार सव्वासात आला, म्हणून 8 बोर्ड मागवले.

दुसऱ्या दिवशी दुपारीच बोर्ड संपले. दाराच्या जागेतून कापून निघालेले तुकडे कुठेच धड बसेनात. नवा माल यायला एक दिवस जाणार होता, म्हणून मी दाराच्या वरचा भाग तुकडे जोडून भरून घेतला. दोन महिन्यांनी घरमालकांचा फोन आला: दाराच्या कोपऱ्यातून वर छताकडे भेग गेली होती.

ती भेग दुरुस्त करायला आलेले कारागीर मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, बोर्ड ब्रासवर मोजला तरी चालतो, पण जॉइंट रनिंग फुटातच मोजावा लागतो. आधी भिंत कागदावर काढा.” ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट क्षेत्रफळ, रनिंग फूट म्हणजे नुसती लांबी, आणि जॉइंट म्हणजे दोन बोर्डांमधला सांधा.

तेव्हापासून मी चौकटीच्या वहीत भिंत काढतो, एका फुटाला एक चौकट. याच भिंतीचं उदाहरण घ्या. बोर्ड उभे लावले तर 12 फुटांत 4-4 फुटांच्या तीन रांगा बसतात आणि 9 फूट उंचीला एका रांगेत दीड बोर्ड लागतो. एका बाजूला साडेचार, दोन्ही मिळून 9. दार वजा करायचंच नाही. दाराभोवती बोर्ड अखंड ठेवून काटकोनात कापावा लागतो आणि कापलेला तुकडा बहुतेक वेळा वायाच जातो. तुटफुटीसाठी एक जास्तीचा धरून मी 10 मागवतो.

चित्र काढलं की जॉइंट कुठे पडतोय हेही दिसतं. दाराच्या कोपऱ्याच्या रेषेत जॉइंट येऊ द्यायचा नाही. दार उघडता-मिटताना बसणारा सगळा धक्का त्याच कोपऱ्याला बसतो. जॉइंट दाराच्या डोक्यावर मधोमध आणा आणि त्याच्या मागे पत्र्याच्या चॅनेलचा तुकडा उभा द्या. आडवे जॉइंटही एका ओळीत नकोत. एका रांगेत मोठा बोर्ड खाली, शेजारच्या रांगेत वर.

आता लांबी मोजा. एका बाजूला उभे जॉइंट 18 फूट, आडवे 12, छताची कड 12 आणि दोन्ही भिंतींच्या कडा 18. झाले 60, दोन्ही बाजूंचे 120 फूट. जॉइंटवर चिकटवायची कागदी टेप एवढी लागते, वर दहा टक्के धरा. जॉइंट भरायचा लगदा, म्हणजे जॉइंटिंग कंपाउंड, मला अशा कामाला तीन हात (थर) मिळून 12 ते 15 किलो लागतं. 25 मिमीचे स्क्रू दर बोर्डाला तीसच्या हिशेबाने घ्या.

फिनिशिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ मी आडव्या जॉइंटला देतो. बोर्डाच्या लांब कडा निमुळत्या असतात. अशा दोन कडा शेजारी आल्या की मध्ये उथळ खोलगट पट्टा तयार होतो, टेप आणि कंपाउंड त्यात बसतं आणि पृष्ठभाग सपाट राहतो. कापलेल्या कडेला तो उतार नसतो. तिथे टेप लावली की फुगवटा येणारच. तो दिसू नये म्हणून कंपाउंड दोन्ही बाजूंना नऊ-दहा इंच पसरत न्यायचं, कडेला अगदी कागदासारखं पातळ.

पहिला हात म्हणजे टेप बसवणं. आधी खाली कंपाउंड, मग कागदी टेप, मग सहा इंची पट्टीने मधून बाहेर दाबत जादा माल काढायचा. खाली माल कमी पडला तर टेपमध्ये हवा राहते. सुकल्यावर बोटाने टकटक करून बघा, पोकळ आवाज आला तर तेवढी टेप कापून परत लावा. वरून हात मारून ती झाकू नका. दुसरा हात दहा इंची पट्टीने, तिसरा त्याहून रुंद. तयार कंपाउंड वापरत असाल तर प्रत्येक हातामध्ये साधारण एक दिवस जाऊ द्या, पावसाळ्यात जास्त. साइटवर घाई झाली की कुणीतरी जॉइंटमध्ये पीओपी भरायला निघतं. त्याला थांबवा. पीओपी पटकन घट्ट होतं, पण बोर्डाच्या कागदाला नीट धरत नाही आणि जॉइंटवर तडकतं.

घासताना 150 नंबरचा पेपर, हलका हात आणि तोंडावर मास्क. बोर्डाच्या कागदाला लव आली की समजा जास्त घासलं.

पेंटर यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीवर प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. मी तिथे पेन्सिलने गोल करतो. त्या भिंतीवर आडव्या जॉइंटपाशी सात गोल निघाले होते. मामांनी पुन्हा पातळ हात मारला आणि दुसऱ्या संध्याकाळी टॉर्चखाली एकच उरला.