सिएटलची काच बघायला निघण्याआधी कोल्हापुरात करायची तयारी

लेक किंवा मुलगा अमेरिकेत सिएटलला असला की आई-बाबांची एक फेरी ठरलेली. तिथं पोचल्यावर स्पेस नीडल या उंच मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेलं काचकलावंत डेल चिहुली यांचं काचेचं संग्रहालय कुणीतरी दाखवतंच. बहुतेक मंडळी ते पाऊण तासात उरकतात. फोटो झकास येतात, घरच्या ग्रुपवर पडतात, खाली ‘नाद खुळा’ येतं आणि विषय संपतो. तसं होऊ द्यायचं नसेल, तर तयारी इथूनच सुरू करा. यातली निम्मी कामं कोल्हापुरात होतात आणि त्याला व्हिसा लागत नाही.

पहिलं काम म्हणजे आग बघून घेणं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावला फौंड्रीत ओळखीचं कुणी ना कुणी असतंच. त्याला सांगून पोरिंगच्या, म्हणजे रस ओतायच्या वेळी जा, सुरक्षित अंतरावर उभे राहा आणि धातूपेक्षा माणसांकडं जास्त बघा. लेडल, म्हणजे रसाचं भांडं, कोण धरतंय, इशारा कोण देतंय, एकाचं पाऊल पडलं की दुसरा कसा सरकतोय. लोखंडाचा रस साधारण १४०० अंशांवर ओततात, काच अकराशेच्या आसपास हाताळतात. पण लोखंड साच्यात पडलं की माणूस मोकळा होतो. काचेत तसं नाही. पोकळ सळीच्या टोकाला घेतलेला काचेचा गोळा कढईतून काढलेल्या दाट काकवीसारखा असतो. फिरवायचा थांबलात की एका अंगाला ओघळलाच. म्हणून सळी सतत फिरती ठेवायची, मध्येच फुंकायचं, पुन्हा भट्टीच्या तोंडाशी नेऊन तापवायचं, आणि शेवटी तयार वस्तू वेगळ्या भट्टीत ठेवून हळूहळू निववायची. घाई केली तर आतल्या ताणानं ती तडकते. हुपरीत चांदीची आटणी बघितली असेल तर उत्तमच. तापलेल्या रंगावरून माल कुठवर आलाय ते ओळखणारी नजर तिथं दिसते.

एवढा खटाटोप कशाला, ते चिहुलींची गोष्ट कळली की लक्षात येतं. ती विमानात नव्हे, घरी असतानाच वाचून ठेवा. जन्म १९४१चा, सिएटलच्या दक्षिणेला असलेल्या टकोमा गावचा. १९६८ साली शिष्यवृत्तीवर ते व्हेनिसला गेले आणि मुरानो बेटावरच्या कारखान्यात त्यांनी काच फुंकणाऱ्यांची आख्खी टोळी एकदिलानं काम करताना बघितली. १९७१ मध्ये सिएटलच्या उत्तरेला पिलचक इथं त्यांनी इतरांच्या साथीनं काचेची शाळा काढली. १९७६ साली इंग्लंडमध्ये मोटार अपघातात डावा डोळा गेला, १९७९ मध्ये समुद्रात खांदा निखळला. त्यानंतर त्यांनी स्वतः सळी धरणं सोडलं. ते रंगानं मोठमोठी चित्रं काढून टोळीला दाखवायचे आणि टोळी काच घडवायची. यावरून ‘मग हे यांचं काम कसलं?’ असं विचारणारे तिकडंही आहेत. माझं मत विचाराल तर हा प्रश्न फौंड्री बघितलेल्या माणसाला पडूच नये. मात्र कितीही बाजू घेतली तरी त्यांची काही झुंबरं मला भडक वाटतात, हेही सांगून टाकतो.

आणखी दोन फेऱ्या इथल्या इथंच. राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे कला संग्रहालय आहे. नटाचा चित्रकार, आणि त्यानं आपलं घर चित्रांसकट सरकारला दिलेलं. एकाच कलावंताचं संग्रहालय बघायची सवय वेगळी असते. दहावं चित्र पहिल्याशी ताडून बघावं लागतं. दुसरी फेरी बुरुड गल्लीत. एकात एक रचून ठेवलेल्या टोपल्या बघा, वजनानं काठ कसा बाक घेतो ते बघा. चिहुलींनी टकोमाच्या इतिहास संग्रहालयात मूळ अमेरिकन आदिवासींच्या जुन्या, कललेल्या टोपल्या बघितल्या आणि १९७७ साली तसाच काठ काचेत उतरवला. सिएटलच्या संग्रहालयात नॉर्थवेस्ट नावाची खोली आहे, तिथं काचेच्या टोपल्यांबरोबर अस्सल विणलेल्या टोपल्याही मांडल्यात. अंधुक उजेडाची खोली, म्हणून लोक ती सोडून पुढं पळतात. तुम्ही तिथंच थांबा.

आता तारीख आणि वेळ. पोचल्या पोचल्या पहिल्या आठवड्यात हे ठेवू नका. उन्हाळ्यात सिएटल आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं असतं, हिवाळ्यात साडेतेरा. तिथं रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्या शरीराच्या हिशेबानं आख्खी रात्र जागून सकाळ झालेली असते. आणि जायचं मात्र संध्याकाळीच, कारण संग्रहालयातलं काचघर आणि बाग उजेडी एक दिसतात आणि दिवे लागल्यावर दुसरंच. जूनमध्ये तिथं सूर्य नऊनंतर मावळतो, डिसेंबरात साडेचारच्या आत. त्या दिवसाची मावळतीची वेळ बघा, तिच्या दीड तास आधीचं तिकीट मुलाला ऑनलाइन काढायला सांगा, आणि त्या दिवशी बंद कधी होतं तेही त्याच वेळी बघून ठेवायला सांगा. प्रवेश ठरल्या वेळेचा असतो. स्पेस नीडलसह जोडतिकीट मिळतं. दोन्ही करायचंच असेल तर स्वस्त पडतं, पण ५२० फूट वर जाऊन आल्यावर पाय आणि डोळे किती उरतात त्याचा अंदाज आपला आपण घ्या. ज्येष्ठांना वेगळा दर आहे, तो मुलांना आठवेलच असं नाही.

कपड्यांचं सोपं आहे. जुलै-ऑगस्ट कोरडा, एरवी भुरभुर पाऊस आणि गारठा. आपल्याकडच्या धो-धो पावसाची छत्री तिथं ओझंच, टोपीचं जाकीट घ्या. बागेचा भाग उघड्यावर आहे. कोल्हापुरी चपला मुलाच्या घरी मिरवा, ओल्या फरशीवर नकोत. साडी खुशाल नेसा, फक्त पदर खोचून घ्या आणि पाठीवरची सॅक नेऊच नका. वळताना मागं काय आहे ते सॅकला दिसत नसतं. मोबाइलवर फोटो काढता येतात.

आत शिरल्यावर फोटोआधी तीन ठिकाणी जवळ जायचं, हे कागदावर लिहूनच न्या. एक, माकिया नावाच्या मोठ्या वाडग्यांचा काठ. आत एक रंग, बाहेर दुसराच, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून गढूळ होऊ नयेत म्हणून मधे पांढऱ्या काचेचा ढगाळ थर. कुठल्या वाडग्यात तो काठाशी डोकावतो ते शोधा. दोन, पर्शियन छत. वर सपाट काचेवर रंगीत तबकं नि शिंपले एकावर एक रचलेत आणि उजेड त्यांतून गाळून खाली भिंतीवर, आपल्या अंगावर पडतो. तीन, काचघर. ४० फूट उंच, त्यात लाल-केशरी-पिवळ्या फुलांची १०० फूट लांब रांग डोक्यावर लटकलेली. एकेक फूल वेगळं फुंकलेलं आणि लोखंडी सांगाड्यावर बसवलेलं आहे. उद्यमनगरात आयुष्य काढलेल्या काकांना फुलांपेक्षा तो सांगाडा जास्त वेळ धरून ठेवील, आणि काकूंनी त्यांना ओढू नये. बागेत काच फुंकून दाखवतात, तिथं मात्र सगळ्यांनीच बसा. कोल्हापुरात आग बघून आला असाल तर समालोचकाचं इंग्रजी निसटलं तरी काही बिघडत नाही, हात काय करतायत ते कळतं.

संग्रहालयातल्या बारच्या छताला चिहुलींनी जमवलेले अकॉर्डियन टांगलेत. ज्याच्या घरी पेटी वाजते त्यानं मान वर करून बघावंच, चहा-कॉफी घ्यायची नसली तरी.

जोडीला टकोमा करायचं असेल तर वेगळा दिवस काढा. तिथं काचेचं संग्रहालय २००२ पासून आहे, मोठ्या तिरप्या शंकूच्या आकाराच्या इमारतीत भट्टी चालते आणि प्रेक्षकांना बसायला पायऱ्या आहेत. शेजारच्या ५०० फुटी पुलावर चिहुलींचंच काम आहे आणि त्याला तिकीट नाही. पूल ओलांडला की जुन्या रेल्वे स्टेशनच्या घुमटाखालीही त्यांची काच आहे, पण तिथं आता कोर्ट भरतं. त्यामुळं कामाच्या दिवशी जा आणि पासपोर्ट जवळ ठेवा.