उंदराचं अनाथ पिल्लू: पहिल्या दुधाआधी हाताशी काय हवं

पावसाळ्याच्या तोंडावर ठाण्यातल्या जुन्या इमारतींतून माळे साफ होतात आणि रद्दीच्या गठ्ठ्यात उघडी, गुलाबी पिल्लं सापडतात. आई पिंजऱ्यात गेली नसेल तर घरटं उबेत ठेवून तीन-चार तास दूर राहा, ती परत येऊन पिल्लं उचलून नेते. नाही आली तर पुढची तयारी.

आधी सोनार वापरतात तसा छोटा डिजिटल काटा. नुकतं जन्मलेलं उंदराचं पिल्लू ग्रॅम-दीड ग्रॅमचं असतं. उघडंच असून पाच-सहा ग्रॅम भरलं तर ते मोठ्या उंदराचं किंवा घुशीचं समजा. कान डोक्याला चिकटलेले असतील तर तीन दिवसांच्या आतलं. आठवड्यात लव येते, डोळे तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडतात. डोळे मिटलेलं, बिनलवेचं पिल्लू जगण्याची शक्यता कमीच, हे धरूनच सुरुवात करा.

दुधाची घाई इथेच नडते. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, पोट फुगतं आणि ते दगावतं. म्हणून ऊब आधी. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, झाकणाला दाभण तापवून बारीक भोकं पाडा, आत टिश्यूचे तुकडे घाला. कापूस नको, त्याचे तंतू पायांना गुंडाळतात. शेकायचा पॅड सर्वांत कमी आचेवर, डब्याच्या अर्ध्याच भागाखाली, म्हणजे उकडलं तर पिल्लू बाजूला सरकेल. घरट्यात ३२ ते ३४ अंश हवेत, थर्मामीटर आतच ठेवा. महावितरणची वीज पावसात कधीही जाते. गरम पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली मोज्यात घालून तयार असू द्या आणि दीड-दोन तासांनी बदला. बल्ब लावू नका, त्याने कातडी सुकते.

मेडिकलमधून १ मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज आणा. इन्सुलिनची नको, तिची सुई बहुतेकदा निघतच नाही. स्टेशनरीवाल्याकडून शून्य नंबरचा ब्रश, पेट शॉपमधून मांजराच्या पिल्लांची दूध पावडर. गाईचं-म्हशीचं दूध नको, जुलाब लागतात. पहिली पाजणी नुसत्या ओआरएसची. नंतर डब्यावरच्या प्रमाणात कालवलेलं दूध, सुरुवातीला पातळ. एका वेळी ग्रॅममागे ०.०५ मिली, म्हणजे दोन ग्रॅमच्या पिल्लाला सिरिंजवरच्या दहा बारीक रेघा. पहिला आठवडा दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा.

पिल्लू तळव्यावर पालथं, डोकं किंचित वर. सिरिंजने मोजलेलं दूध थेंबाथेंबाने ब्रशवर घ्या, टोक ओठाला लावा, ते चाटेल. नाकावर दुधाचा बुडबुडा दिसला की थांबा, डोकं खाली करून टिश्यूने टिपा. दूध फुप्फुसात गेलं तर श्वासाला टिक-टिक आवाज येतो. मग प्राण्यांच्या डॉक्टरांशिवाय इलाज नाही. पोट भरल्याची खूण कातडीतूनच दिसते: पोटाच्या डाव्या बाजूला दुधाची पांढरी पट्टी. प्रत्येक पाजणीनंतर ओल्या कापसाच्या बोळ्याने शेपटीखाली हलकेच चोळा. आई चाटते तसं चोळल्याशिवाय शी-शू होत नाही, आणि ती तुंबली की पिल्लू बहुतेकदा दगावतं.

मुंग्या विसरू नका. दुधाच्या वासाने त्या अर्ध्या तासात डब्यात शिरतात. डबा पाण्याच्या परातीत वाटी उपडी घालून तिच्यावर ठेवा. पॅडची वायर मात्र पाण्याला लागू देऊ नका. मुंग्यांचा खडू अजिबात ओढायचा नाही, तो विषारीच.

हातमोजे घाला, साबणाने हात धुवा. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचा ताप (लेप्टो) होऊ शकतो. घरात कुणी गर्भवती असेल तर हे काम तिचं नव्हे.

डोळे उघडल्यावर भिजवलेले ओट्स, मऊ भात आणि बाटलीच्या झाकणात पाणी. खोल वाटीत पिल्लू बुडतं. तीन आठवड्यांनी दूध सुटतं. चौथ्या आठवड्यात नर-मादी वेगळे करा, नाहीतर सहाव्यानंतर डब्यात नवी गुलाबी पिल्लं दिसू लागतील.